प्रेक्षकांतले नऊ पंच

दिवाळीच्या फराळाभोवती जी कोर्टे भरतात त्यांना शपथ लागत नाही आणि स्टँपही लागत नाही. चकलीचा पहिला तुकडा मोडेपर्यंत खटला उभा राहतो, आणि चहाचे कप परत जाण्यापूर्वी निकालही लागून जातो. काका फिर्यादी होतात, मेहुणे बचावाचे वकील होतात, आणि तोवर स्वयंपाकघरातून नुसते ऐकत असलेल्या आत्याबाई दारात येऊन एका वाक्यात असा निवाडा देतात, की त्यावर अपीलच नसते. मला या कोर्टांचा राग नाही. ज्या घरात सण असून वाद नाही, त्या घरात माणसे एकमेकांशी बोलत नसावीत असाच माझा समज आहे.

परंतु हे वाद ऐकताना एक गोष्ट माझ्या ध्यानात येत गेली आहे. त्यात कायद्याची म्हणून जी वाक्ये फेकली जातात ती कायद्याच्या पुस्तकातून आलेली नसतात, वर्तमानपत्रातूनही क्वचितच. ती आलेली असतात नाटकातून आणि सिनेमातून. ‘नानावटीला ज्युरीने सोडला, म्हणून सरकारने ज्युरीच बंद केली’ हे एक वाक्य. ‘लोकांना विचारा, लोक खरा न्याय देतील’ हे दुसरे. आणि ‘खरे असेल तर कोर्टात कधी ना कधी बाहेर येतेच’ हे तिसरे. ही तीन वाक्ये मी मुंबईत ऐकली आहेत, तालुक्याच्या गावी ऐकली आहेत, आणि शिक्षकांच्या खोलीत मधल्या सुट्टीत तर वर्षातून चार वेळा ऐकतो.

मी वकील नव्हे. मॅट्रिक झालेला शाळामास्तर, आणि फावल्या वेळात कादंबऱ्या लिहिणारा माणूस. कायद्याची परीक्षा घेण्याचा अधिकार मला नाही. पण गोष्ट कशी रचतात, ऐकणाऱ्याचे मन कोठे वळवतात आणि काय झाकून ठेवतात, एवढे धंद्यामुळे मला ठाऊक आहे. म्हणून येथे मी कोर्टाची नव्हे, कोर्टाच्या गोष्टींची झडती घेणार आहे. आणि वाचकांनी माझ्याबरोबर पंच म्हणून बसावे अशी माझी विनंती आहे.

प्रथम नानावटी. या खटल्याची हकीकत ठाऊक नाही असा मराठी माणूस विरळा, आणि पुरती ठाऊक आहे असा त्याहून विरळा. २७ एप्रिल १९५९ रोजी नौदलातील कमांडर कावस नानावटी यांनी प्रेम आहुजा या व्यापाऱ्याला त्याच्या मुंबईतील घरात गोळ्या घातल्या. आपल्या पत्नीचे आहुजाशी संबंध आहेत हे त्याच दुपारी त्यांना तिच्याच तोंडून कळले होते. ते स्वतः होऊन पोलिसांच्या स्वाधीन झाले. सेशन कोर्टात नऊ जणांची ज्युरी बसली आणि तिने आठ विरुद्ध एक अशा मतांनी ‘निर्दोष’ असा कौल दिला. फराळाच्या कोर्टात गोष्ट येथे संपते. खरा खटला येथे संपला नाही.

त्या वेळच्या फौजदारी कायद्यात न्यायाधीशाला एक अधिकार होता: ज्युरीचा कौल कोणाही समंजस माणसाला पटण्याजोगा नाही असे वाटल्यास त्याने ते प्रकरण हायकोर्टाकडे पाठवावयाचे. न्यायमूर्ती मेहता यांनी तसे केले. हायकोर्टाने नानावटींना खुनाबद्दल दोषी ठरवून जन्मठेप दिली ती ११ मार्च १९६० रोजी. त्याच दिवशी राज्यपाल श्रीप्रकाश यांनी घटनेच्या १६१ व्या कलमाखाली हुकूम काढून शिक्षा स्थगित केली, आणि कैद्याला नौदलाच्या ताब्यात ठेवले. न्यायालय मोठे की राजभवन, असा प्रश्न उभा राहिला. प्रकरण आपल्यापुढे चालू असताना राज्यपालांना अशी स्थगिती देता येत नाही, असे सुप्रीम कोर्टाने सप्टेंबर १९६० मध्ये बहुमताने सांगितले. आणि २४ नोव्हेंबर १९६१ रोजी शिक्षाही कायम केली. एक बारीकशी मौज पाहा. सुप्रीम कोर्टाच्या पहिल्या निकालाच्या मथळ्यावर ‘मुंबई राज्य’ असे नाव आहे आणि दुसऱ्याच्या मथळ्यावर ‘महाराष्ट्र राज्य’. मध्यंतरी १ मे १९६० येऊन गेला होता. आपले राज्य जन्माला आले तेव्हा हा खटला कोर्टाच्या पायरीवरच उभा होता.

आता ते पहिले वाक्य. ज्युरी काढून टाकावी अशी शिफारस विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात केली ती १९५८ साली. म्हणजे आहुजाला गोळी लागण्यापूर्वी. नानावटींच्या नंतरही देशात काही ठिकाणी ज्युरीपुढे खटले चालतच होते. फौजदारी प्रक्रियेची जी नवी संहिता १९७३ साली झाली आणि १ एप्रिल १९७४ पासून अमलात आली, तिच्यात ज्युरीला जागा उरली नाही. १ जुलै २०२४ पासून त्या संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. तिच्यातही ज्युरी नाही. ज्युरीची एक खूण तेवढी शिल्लक आहे, ती पारशी समाजाच्या घटस्फोटाच्या दाव्यांत. तेथे न्यायाधीशाबरोबर समाजाचे ‘डेलिगेट’ बसतात. तात्पर्य, ज्युरी एका रात्रीत एका कमांडरपायी गेली नाही. ती हळूहळू विझत चाललेली समई होती. नानावटींच्या खटल्यात तिची ज्योत एकदा मोठी झाली, एवढेच. पण मोठी ज्योत लोकांच्या लक्षात राहते आणि संपत आलेले तेल राहत नाही. गोष्टीला एक कारण पुरते. इतिहासाला पुरत नाही.

या खटल्यावर सिनेमे निघाले त्यांतील तीन मला महत्त्वाचे वाटतात. ‘ये रास्ते हैं प्यार के’ हा १९६३ सालचा. तो पडद्यावर आला तेव्हा नानावटींना माफी मिळावयाची होती. ती मिळाली १९६४ साली, राज्यपाल विजयालक्ष्मी पंडित यांच्या सहीने; आणि त्याच सुमारास भाई प्रताप या सिंधी व्यापाऱ्यालाही दुसऱ्या एका प्रकरणात माफी देण्यात आली. आरोपी पारशी, मृत सिंधी. दोन्ही समाजांची मने राखण्याचा तो राजकारणी तोल होता असे अनेकांनी लिहून ठेवले आहे. दुसरा सिनेमा गुलजार यांचा ‘अचानक’, १९७३ सालचा. तिसरा ‘रुस्तम’, २०१६ सालचा, अक्षय कुमार यांचा.

कादंबरी लिहिणाऱ्याला एक युक्ती फार लवकर सापडते. वाचकाला प्रथम ज्याच्या घरात नेऊन बसवावे, त्याची बाजू तो शेवटपर्यंत सोडत नाही. या प्रकरणाच्या गोष्टीत आपल्याला प्रथम नेले जाते ते नवऱ्याच्या घरी. जहाज, गणवेश, मुले, सुटीवर परत येणारा रुबाबदार अधिकारी. ज्याचा खून झाला त्याच्या घरात आपण पाऊल टाकतो तेच पिस्तुलाबरोबर. त्याची आई, बहीण, त्याची सकाळ, त्याचे हिशेब यांतले काही आपण पाहिलेले नसते. मेलेला माणूस साक्ष देऊ शकत नाही ही कोर्टाची अडचण. पण कथालेखकाच्या ती पथ्यावर पडते.

‘रुस्तम’ने या युक्तीवरही एक मजला चढवला. नुसत्या दुखावलेल्या नवऱ्याची कीव आजच्या प्रेक्षकाला पुरणार नाही असे वाटून की काय, त्यात नौदलाच्या खरेदीतील लाचलुचपत आणली; म्हणजे मारला गेलेला माणूस देशाचाही शत्रू ठरला. गणवेश अंगात असला की गोळी देशासाठीच सुटते, असे प्रेक्षकाला वाटू लागते. ज्युरीच्या कौलानंतरच्या हायकोर्टाच्या आणि सुप्रीम कोर्टाच्या पायऱ्या गोष्टीत येतच नाहीत. त्या आल्या असत्या तर टाळ्या कोठे वाजवाव्यात हे प्रेक्षकाला कळले नसते. चित्रपट करमणुकीचा आहे, त्याने कायद्याचा तास घ्यावा असे मी म्हणणार नाही. माझा आक्षेप कलेच्या अंगाने आहे. ज्या नायकाला निर्दोष ठरवण्यासाठी मृताला आणखी काळे फासावे लागते, त्या नायकावर लेखकाचाच विश्वास नसतो.

‘अचानक’ मात्र वेगळ्या जातीचा. त्यात एकही गाणे नाही. नायक लष्करी अधिकारी आहे, पत्नीला आणि मित्राला त्याने मारले आहे, फाशीची शिक्षा झाली आहे, पळताना त्याला गोळी लागली आहे. आणि डॉक्टर रात्रंदिवस खपून त्याचे प्राण वाचवतात. कशासाठी? सरकारला त्याला फाशी देता यावे म्हणून. येथे आपल्याला टाळी वाजवावीशी वाटत नाही आणि हळहळूनही मोकळे होता येत नाही. नायक आवडतो, तरी त्याने केलेले कृत्य पुसले जात नाही. नानावटी प्रकरणाच्या आसपास निघालेल्या चित्रांत मला हेच मोठे वाटते, ते यामुळे.

सुप्रीम कोर्टाचा निकाल ज्यावर उभा आहे ती गोष्ट अगदी साधी आहे: वेळ. एकाएकी अनावर झालेल्या रागाच्या भरात हातून मृत्यू घडला तर कायदा त्याला खुनाहून सौम्य मानतो. पण नानावटी दुपारी दीडच्या सुमारास घरातून निघाले, पत्नीला व मुलांना सिनेमाला सोडले, जहाजावर गेले, खोटे कारण सांगून रिव्हॉल्व्हर आणि काडतुसे घेतली, आहुजाच्या कचेरीत गेले, तेथे तो नाही म्हणून घरी गेले. गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा चार वाजून वीस मिनिटे झाली होती. मध्ये जवळजवळ तीन तास गेले होते, आणि एवढा वेळ मन ताळ्यावर येण्यास पुरेसा होता, असे न्यायालयाने म्हटले. सिनेमात हे तीन तास तीन मिनिटांत बसवावे लागतात, आणि मग प्रेक्षकाला तो राग सलग, ताजा आणि अनावर वाटतो. वेळ गाळणे हे कथेचे काम आहे आणि वेळ मोजणे हे कायद्याचे. दोघांचे भांडण मूळ येथेच आहे.

आता दुसऱ्या वाक्याकडे येऊ: लोकांना विचारा. यावर माझा प्रश्न असा, की कोणत्या लोकांना? मुंबईत नऊ पंचांचा आणखी एक खटला झाला होता, आणि तो मराठी माणसाने विसरण्यासारखा नाही. जुलै १९०८. आरोपी बाळ गंगाधर टिळक, आरोप राजद्रोहाचा. ‘केसरी’तले लेख मराठी, पंचांपुढे गेले ते इंग्रजी भाषांतरात, आणि ते भाषांतर खरे नाही हा टिळकांचा मोठा मुद्दा होता. पंच नऊ: सात युरोपियन, दोन पारशी. टिळक स्वतःच्या बचावासाठी दिवसामागून दिवस, एकूण सुमारे एकवीस तास त्यांच्यापुढे बोलले. २२ जुलैच्या रात्री कौल आला: सात विरुद्ध दोन, दोषी. विरोधी मते त्या दोन पारशी पंचांचीच होती असे सर्वत्र मानले गेले. न्यायमूर्ती दावर यांनी सहा वर्षांची काळ्या पाण्याची शिक्षा दिली. याच दावरांनी १८९७ च्या खटल्यात वकील म्हणून टिळकांना जामीन मिळवून दिला होता. दैव कोणत्या खुर्चीवर कोणाला बसवील याचा नेम नाही. शिक्षेनंतर मुंबईच्या गिरणी कामगारांनी सहा दिवस संप केला. तोही एक कौलच होता, पण त्याची नोंद कोर्टाच्या कागदात होत नसते.

म्हणजे ज्युरी होती, पंच होते, मतदान झाले, बहुमत झाले. आणि तरीही ज्यांच्या भाषेत ते लेख लिहिले होते त्या लोकांपैकी त्या बाकावर कोणी नव्हते. १९५९ साली मुंबईने ज्युरीच्या कौलाचा जयजयकार केला. १९०८ साली त्याच शहराने ज्युरीच्या कौलावर गिरण्या बंद पाडल्या. ‘लोकांचा न्याय’ म्हणताना आपण प्रत्येक वेळी आपल्याला हवा तोच खटला आठवतो. १९५६ साली मुख्य न्यायमूर्ती छागला यांच्या हस्ते मुंबई हायकोर्टात टिळकांच्या उद्गारांची शिळा बसवण्यात आली. ज्या इमारतीत शिक्षा झाली त्याच इमारतीने अठ्ठेचाळीस वर्षांनी मान खाली घातली.

प्रेक्षक हेच पंच असतात हे त्या वेळच्या सरकारला आपल्याहून चांगले समजले होते. कृ. प्र. खाडिलकरांचे ‘कीचकवध’ १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यात इंग्रजाचे नाव नाही, मुंबईचे नाही, पुण्याचे नाही. आहे ती विराटाच्या नगरीतली महाभारतातली कथा. पण थिएटरात बसलेल्या प्रत्येकाला कीचक म्हणजे कर्झन आणि सैरंध्री म्हणजे कोण, हे सांगावे लागत नव्हते. १९१० साली सरकारने त्या नाटकावर बंदी घातली. नाट्यप्रयोगांवर बंदी घालण्याचा मूळ कायदा १८७६ सालचा. तो केंद्राच्या कायदेपुस्तकातून निघाला २०१८ साली. स्वातंत्र्यानंतर सत्तर वर्षे तो तेथे होता. राज्य कोणाचेही असो, अंधारात बसलेल्या प्रेक्षकाची भीती सरकारला वाटतेच. त्या भीतीत रंगभूमीचा मोठा सन्मान आहे असे मी मानतो.

आता आपल्या घरच्या, सर्वांच्या लाडक्या कोर्टाकडे येऊ. आचार्य अत्र्यांचे ‘तो मी नव्हेच’ १९६२ साली आले. फिरता रंगमंच, आणि एकाच खटल्यात पाच सोंगे घेणारे प्रभाकर पणशीकर. निपाणीचा लखोबा लोखंडे पिंजऱ्यात उभा आहे; एकामागून एक फसवलेली माणसे येऊन आपापली कहाणी सांगतात; आणि तो प्रत्येकाला थंडपणे एकच उत्तर देतो. त्या उत्तराची आता म्हण झाली आहे. माझ्या वर्गातील मुलांनी ते नाटक पाहिलेले नाही, पण खडू कोणी फेकला असे विचारले की उत्तर मात्र तेच येते.

नाटकाच्या बांधणीबद्दल माझ्या मनात आदरच आहे. एवढ्या साक्षीदारांच्या जबान्या जिवंत प्रवेश होऊन उभ्या राहाव्यात आणि खटल्याचा धागा कोठेही तुटू नये, हे कठीण काम आहे. पण त्याची सारी गंमत एका गोष्टीवर उभी आहे: लखोबा खोटे बोलत आहे हे आपल्याला पहिल्या पाच मिनिटांतच ठाऊक असते. शंकेला तेथे जागाच नाही. त्यामुळे आरोपीचा प्रत्येक नकार हाच त्याच्या बदमाशीचा पुरावा होऊन बसतो. आरोपी जितका शांत तितका तो पाजी, आणि जितक्या चोख उलटतपासण्या तितका तो हरामखोर. नाटकात हे चालते, नव्हे, त्यावाचून नाटकच चालत नाही. पण थिएटरातून बाहेर पडल्यावर हीच सवय आपल्या अंगाला चिकटते. गल्लीतल्या एखाद्या पोरावर चोरीचा आळ येतो. तो ‘मी नाही केले’ म्हणतो. आणि आपण हसून म्हणतो, ‘तो मी नव्हेच!’ त्या क्षणी आपण त्याची बाजू ऐकून घेण्याचे नाकारलेले असते, आणि वर विनोदही केलेला असतो. अत्र्यांना हे अभिप्रेत होते असे मी म्हणत नाही. लोकप्रिय वाक्य लेखकाच्या हाती राहत नाही, एवढेच म्हणतो.

या सवयीला मराठी रंगभूमीनेच पाच वर्षांनी उत्तर दिले. विजय तेंडुलकरांचे ‘शांतता! कोर्ट चालू आहे’ १९६७ साली ‘रंगायन’ने केले, दिग्दर्शन अरविंद देशपांडे यांचे, आणि बेणारेबाईंच्या भूमिकेत सुलभा देशपांडे. एक हौशी मंडळी गावात अभिरूप न्यायालयाचा प्रयोग करायला आली आहे. संध्याकाळच्या प्रयोगाला अवकाश आहे. म्हणून वेळ घालवण्यासाठी, गंमत म्हणून, त्यांच्यातल्याच एकीवर खटला भरला जातो. वाचकहो, ‘वेळ घालवण्यासाठी’ आणि ‘गंमत म्हणून’ हे शब्द लक्षात ठेवा. आपली फराळाची कोर्टे याच कारणासाठी भरतात.

लीला बेणारे शिक्षिका आहे. हे मला नेहमी थोडे अधिक लागते, कारण शिक्षिकेची अब्रू ही गावाच्या मालकीची वस्तू असते हे मी जवळून पाहिले आहे. आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता प्रत्येक जण तिच्या खऱ्या आयुष्यातले काही ना काही साक्ष म्हणून आणतो, आणि खेळ कोठे संपला व शिकार कोठे सुरू झाली हे कोणालाच सांगता येत नाही. ज्या प्राध्यापक दामल्यांचा या प्रकरणात निम्मा वाटा, ते हजरच नाहीत, आणि त्यांना कोणी आरोपी म्हणून पुकारतही नाही. पुढे निकाल येतो. खटला उभा राहिला होता गर्भ मारल्याच्या आरोपावर. आणि शिक्षा काय, तर पोटातले मूल नष्ट करावे! ज्या कृत्याबद्दल दोषी धरले तेच करण्याचा हुकूम. तेंडुलकरांनी या विसंगतीवर एकही भाष्य केलेले नाही. निकाल वाचला जातो, लोक कपडे सावरून प्रयोगाच्या तयारीला लागतात. त्याआधी बेणारेबाई जे दीर्घ स्वगत बोलते ते रंगमंचावरच्या कोणाला ऐकू जात नाही. ऐकतात फक्त प्रेक्षक. येथे तेंडुलकरांनी आपल्याला पंचांच्या बाकावर बसवले, आणि पहिल्यांदाच त्या बाकावर बसण्याची लाज वाटायला लावली. ‘तो मी नव्हेच’मध्ये आपण सर्व जाणतो म्हणून हसतो, येथे आपण सर्व जाणतो आणि तरी काही करू शकत नाही.

उरले तिसरे वाक्य: खरे असेल तर कोर्टात बाहेर येतेच. या समजाची उलटतपासणी चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’ने घेतली. २०१४ सालचा हा चित्रपट; राष्ट्रीय पुरस्कारांत सर्वोत्कृष्ट ठरला. नारायण कांबळे या वृद्ध लोकशाहिरावर आरोप असा, की त्याचे गाणे ऐकून एका गटार सफाई करणाऱ्या कामगाराने आत्महत्या केली. यात टेबलावर मूठ आपटणारा वकील नाही, पिंजऱ्यात कोसळणारा साक्षीदार नाही, शेवटच्या क्षणी धावत येणारा पुरावा नाही. आहेत त्या तारखा. सरकारी वकीलबाई कलमांमागून कलमे एका सुरात वाचतात. घरी जाऊन स्वयंपाक करतात. सुटीच्या दिवशी कुटुंबाबरोबर नाटकाला जातात, आणि परप्रांतीयाची टर उडवणाऱ्या त्या नाटकाला साऱ्यांबरोबर हसतात. त्या दुष्ट नाहीत. आपल्या शेजारी राहतात तशाच आहेत. सुटी लागते, कोर्टाचे दिवे मालवले जातात, आणि कॅमेरा अंधारात तसाच थांबून राहतो.

पुष्कळांना हा चित्रपट कंटाळवाणा वाटला. मला वाटते, तो कंटाळा हेच त्याचे म्हणणे आहे. इतर चित्रांनी गाळलेला वेळ ताम्हाण्यांनी परत पडद्यावर आणून ठेवला. ज्याच्यावर खटला चालतो त्याचे आयुष्य निकालाच्या दिवशी मोडत नाही, ते दोन तारखांच्या मधल्या दिवसांत झिजते. खरे बाहेर येतही असेल, पण तोवर माणूस किती उरतो, हा प्रश्न एवढ्या शांतपणे विचारणारे दुसरे मराठी चित्र माझ्या पाहण्यात नाही. दोष काढायचा तर एकच काढीन: न्यायाधीशाला सुटीत पोराच्या थोबाडीत मारताना दाखवून दिग्दर्शकाने शेवटी स्वतःच एक छोटासा निकाल देऊन टाकला आहे. त्याची गरज नव्हती.

आता पंचांनी विचार करावा. माझे म्हणणे असे मुळीच नाही, की सामान्य माणसाने कायद्यावर बोलू नये. बोललेच पाहिजे. कायदा आपल्या नावाने चालतो, आणि ज्यावर घरात बोलणे होत नाही ते हळूहळू आपल्या हातून जाते. फक्त बोलताना एवढे पाहावे, की या गोष्टीत आपल्याला प्रथम कोणाच्या घरात नेऊन बसवले, कोणाचे घर दाखवलेच नाही, आणि मधले किती तास गाळले. चिवड्यातले दाणे वेचून खाता खाताही हे विचारता येते. त्यासाठी वकिलीची सनद लागत नाही.

बासू चटर्जींचा ‘एक रुका हुआ फैसला’ १९८६ साली आला. बारा पंच एका खोलीत बसले आहेत. अकरा जण ‘दोषी’ म्हणतात, एकटा एक ‘थांबा’ म्हणतो, आणि हळूहळू सर्वांना वळवतो. मूळ गोष्ट अमेरिकेतली. आपल्याकडे ज्युरी कायद्यातून जाऊन तेव्हा बारा वर्षे झाली होती, आणि मुंबईत पंच असत ते नऊ. तरी आपण ते चित्र आपलेच मानले, कारण तो एकटा माणूस आपल्याला फार आवडला. एकट्याचे मत आपल्याला आवडते, पण ते आरोपीला सोडवणारे असावे लागते. १९५९ सालच्या त्या ज्युरीतही एक एकटा होता. सारे शहर एका बाजूला, वर्तमानपत्रे एका बाजूला, बाकावरचे आठ सोबती एका बाजूला. आणि हा म्हणाला, ‘दोषी’. पुढे हायकोर्ट आणि सुप्रीम कोर्ट त्याच्याच बाजूला आले. त्याच्या आधी एक्कावन्न वर्षे, राजद्रोहाच्या खटल्यात, दोघे जण राज्यकर्त्यांच्या सात मतांविरुद्ध ‘निर्दोष’ म्हणाले होते. त्यांच्या बाजूला पुढे इतिहास आला.

हे तिघे घरी गेले असतील तेव्हा त्यांच्या घरच्यांनी त्यांना काय विचारले असेल, हे मला कादंबरीकार म्हणून जाणून घ्यावेसे वाटते. नानावटींवर तीन चित्रे निघाली. लखोबाची म्हण झाली. या तिघांवर अजून कोणी नाटक लिहिलेले नाही. कोणा तरुण नाटककाराला विषय हवा असेल तर हा घ्यावा. आणि तोवर, यंदाच्या फराळाच्या कोर्टात सर्वांचे एकमत होऊ घातले असेल, तर घरातल्या कोणी तरी एकाने लाडू खाली ठेवून ‘जरा थांबा’ म्हणून पाहावे.